खान्देशच्या उन्हात फायटरचा हिरवा टँक

फायटर माशाचा टँक लावायचा असेल तर तो गणपती विसर्जनानंतर लावा, पाडव्यानंतर नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या वर जातो, आणि जानेवारीत धुळ्याकडे पहाटे तो एक आकड्यावर उतरतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा मधला काळ झाडांना मुळं धरायला आणि पाणी मुरायला बरा. थंडी पडेपर्यंत टँक स्थिर होतो आणि उन्हाळा येईपर्यंत तुमचाही हात बसलेला असतो. एप्रिलमध्ये हौस आली तर तेवढ्यात काच आणून ठेवा, पाणी तपासा, वाळू धुवून वाळवा. मासा मात्र आणू नका.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ थंड हवेच्या आणि मऊ पाण्याच्या गावांतले असतात. आपल्याकडे उलटं आहे. शेजारचे काका पहिल्यांदा हेच म्हणाले होते, "आमनं पानी खारं शे, मासा कसा जगी?" प्रश्न रास्त होता. मासा जगतो, पण टँकची आखणी पाणी आणि ऊन या दोघांना विचारून करावी लागते. दुकानदाराला विचारून केली तर तो रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचा किल्ला गळ्यात मारतो.

हा मासा मूळचा थायलंडकडचा. तिथल्या भातखाचरांत, उथळ दलदलीत, झाडोऱ्यात राहणारा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. कल्ल्यांशिवाय त्याला डोक्यात आणखी एक श्वसनाचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन हवा घेतो. म्हणूनच दुकानात तो प्लॅस्टिकच्या ग्लासात दिसतो. हवा घेता येते म्हणून तो तिथे लगेच मरत नाही, एवढंच. स्वतःच्या विष्ठेतल्या अमोनियापासून ती हवा त्याला वाचवत नाही. भातखाचर उथळ असलं तरी एकरभर पसरलेलं असतं, हे ग्लास विकणारा सांगत नाही.

काच आणि जागा

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा टँक घ्या, पाच मिलिमीटर काचेचा. त्यात कागदावर ४० लिटर मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ३२ लिटरच्या आसपास पाणी बसतं. एक फुटी चौकोनी टँकही चालतो, पण आपल्या हवेत पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर गार होतं. गोल भांडं तर नकोच. त्यात ना फिल्टर बसत, ना झाडं.

भरलेला टँक ५० किलोच्या घरात जातो. प्लायवूडचं कपाट वाकतं, जुनी लोखंडी घडवंची वाकत नाही. टँकखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला आणि पाणी भरण्याआधी लेव्हल बघा. पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत टाळा, कारण दुपारभर तापलेली ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. वास्तुवाले ईशान्य सुचवतात. त्यांचं कारण काहीही असो, घरातला तो कोपरा बहुधा गारच असतो, तेव्हा या बाबतीत वाद घालू नका. फक्त पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन थेट काचेवर येत नाही ना ते पाहा, नाहीतर पंधरवड्यात काच शेवाळाने हिरवी होईल.

पाणी: इथेच खरा वेळ घालवा

सगळ्यात आधी टीडीएस मीटर घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं हे पेनासारखं छोटं यंत्र असतं आणि फार महाग नसतं. बोअरचं, नळाचं आणि आरओचं पाणी वेगवेगळ्या ग्लासांत घेऊन मोजा आणि आकडे लिहून ठेवा. वाघूरचं किंवा गिरणेचं धरणाचं पाणी आणि तुमच्या कॉलनीतल्या बोअरचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो. उन्हाळ्यात तोच बोअर आणखी खारा होतो, म्हणून दर ऋतूला पुन्हा मोजा.

दुकानातले फायटर पिढ्यान्‌पिढ्या माणसाने वाढवलेले असतात. थोडं जड पाणी ते सोसतात. पीएच ६.५ ते ७.५ उत्तम, ८ पर्यंतही तो स्थिर असेल तर चालतो. टीडीएस ३००-४०० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करा. समजा बोअरचं पाणी ८०० आणि आरओचं ५० आहे. एक बादली बोअर आणि दोन बादल्या आरओ एकत्र केल्या की मिश्रण बरोबर ३०० वर येतं. निव्वळ आरओचं पाणी वापरू नका, त्यात झाडांना आणि माशाला लागणारे क्षार नसतात आणि पीएच कधीही घसरतो. आरओच्या मागच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते तर मूळ पाण्यापेक्षाही खारं असतं. ते फरशी पुसायला ठेवा. घराला सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याचंही पाणी नको, कारण त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की ते जास्तच टाकतात. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की बरंचसं उडतं, तरी अँटी-क्लोरिनचे थेंब टाकाच. पाच-सहा दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात घरात साठा असतोच, त्यातलंच चार दिवसांचं मुरलेलं पाणी वापरा. बादलीवर सुती कापड बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल आणि फवारणीवाले दारात उभे राहतील.

वाळू, दगड, लाकूड

काळी माती टँकमध्ये घालायचा मोह अनेकांना होतो, कारण तिच्यात कापूस जोमात येतो. घालू नका. ती फुगते, पाणी गढूळ करते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ज्यांनी आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं. विकतची ॲक्वासॉइल, म्हणजे टँकमधल्या झाडांसाठीची तयार माती, चांगली असते पण महाग, आणि आपल्या क्षारी पाण्यात तिचा गुण लवकर संपतो. पहिल्या टँकला एक-दोन मिलिमीटर जाडीची साधी वाळू पुरे.

नदीची वाळू वापरणार असाल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती बांधकामाला पाठवा. दगडांचीही तीच परीक्षा. आपला काळा पाषाण टँकसाठी अगदी सुरक्षित आहे. मात्र सातपुड्याच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरातून उचललेल्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर त्यांच्यावर मुद्दाम थेंब टाकून बघा. त्यातले काही चुन्याचे निघतात. संगमरवर आणि शंख-शिंपले पूर्ण वर्ज्य.

वाळू बादलीत घेऊन पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. याला कंटाळा येतो, पण इथे वाचवलेला अर्धा तास पुढे आठवडाभर गढूळ पाणी होऊन परत येतो. पुढे चार आणि मागे सहा सेंटिमीटर असा उतार द्या. दहा-बारा किलो वाळू लागते.

लाकडासाठी पेरूची पूर्ण वाळलेली, साल काढलेली फांदी चालते. तासभर उकळा आणि बुडेपर्यंत पाण्यात ठेवा. कडुनिंबाचं नको. अंगणातल्या देशी बदामाची लाल होऊन गळलेली, कुरकुरीत वाळलेली दोन-तीन पानं धुवून टाकली तर पाण्याला चहाचा रंग येतो, माशाला आडोसा मिळतो आणि त्याचं वागणं शांत होतं. थायलंडकडे फायटर पाळणारे वाळलेली केळीची पानंही वापरतात. रावेर-यावलच्या वाचकांना वाटेल की मग आपल्याकडे काय तोटा! तोटा फवारणीचा आहे. बागेतलं पान नको. परसातल्या, कधीच औषध न मारलेल्या केळीचं वाळलेलं पान हात-दीड हात कापून चालेल.

कोणती झाडं

लाल रंगाची, गालिच्यासारखी पसरणारी झाडं फोटोत सुंदर दिसतात. त्यांना कार्बन डायऑक्साइडची टाकी आणि मऊ पाणी लागतं. ती सोडून द्या. आपल्या पाण्यात स्वभावानेच रमणारी झाडं आहेत. व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी उंच पानांची, भारतातच नैसर्गिकपणे वाढणारी वनस्पती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते. हायड्रिलाचंही तसंच. मागच्या बाजूला ही दोन लावली की पार्श्वभूमी तयार.

मध्यभागी क्रिप्टोकोरिन. लावल्यावर आठ-दहा दिवसांत त्याची पानं विरघळू लागतील. उपटू नका; मुळं जिवंत असतात आणि नवी पानं पाण्याखालच्या सवयीची येतात. दगड-लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं जाड खोड वाळूत गाडलं की कुजतं, म्हणून ते उघडंच राहिलं पाहिजे. अनुबियासची रुंद पानं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतील अशी बांधली तर फायटर त्यावर टेकून झोपतो. वर तरंगायला थोडा साल्विनिया चालेल, पण अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका, माशाला वर यायला वाट हवी. काढलेला साल्विनिया कचऱ्यात टाका, नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. तापीत जलपर्णी आहे तेवढी पुरे.

शेततळ्यातलं किंवा पाटाच्या कडेचं हायड्रिला फुकट मिळतं, म्हणून आणावंसं वाटतं. कापूस-केळीच्या पट्ट्यात ते औषधांच्या पाण्यात वाढलेलं असण्याची शक्यता मोठी. आणलंच तर दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलत ठेवा. दुकानातली झाडंही पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा, गोगलगाईची अंडी बरीच कमी होतात.

लावताना टँकमध्ये चार-पाच बोटं पाणी ठेवा, लांब चिमट्याने झाड तिरकं खुपसा आणि मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळू धार सोडत वरपर्यंत भरा. पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावा. दोन काड्या लावून वाट बघाल तर ती जागा शेवाळ घेईल.

खताबद्दल एक ताकीद, कारण शेतकरी घरात हे हमखास होतं: युरिया, डीएपी किंवा ठिबकमधून सोडायचं १९:१९:१९ टँकमध्ये चिमूटभरही जाऊ द्यायचं नाही. त्यातल्या नत्राचा अमोनिया होऊन मासा मरतो. ॲक्वेरियमचं द्रव खत मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या रानात केळी पिवळी पडते तसंच हे. जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह असलेलं ॲक्वेरियम खत घ्या.

दिवा आणि फिल्टर

बारा-पंधरा वॅटचा पांढरा एलईडी, रोज सहा-सात तास, टायमरवर. एवढंच.

फिल्टर स्पंजचा घ्या, जो हवेच्या पंपावर चालतो. लांब पंखांच्या फायटरला जोराचा प्रवाह झेपत नाही, आणि स्पंजच्या बुडबुड्यांनी पाणी फक्त हलतं. वीज गेली तरी स्पंज उघड्या पाण्यात असल्यामुळे त्यातले उपयुक्त जीवाणू काही तास सहज तग धरतात. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तेच पाणी आतल्या आत सडतं. फक्त पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत उलट-प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डापर्यंत जाईल. आणखी एक: हा पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. मच्छरांचा स्प्रे मारताना तो बंद करा आणि टँकवर कापड टाका. घराला रंग लावताना तर टँकची खोली शेवटी घ्या.

महिनाभर रिकामा टँक

झाडं लागली, दिवा लागला, पाणी नितळ झालं, आणि घरातली मुलं विचारतात मासा कधी. उत्तर: चार ते सहा आठवड्यांनी. रोज माशाच्या खाण्याचे दोन-तीन दाणे टँकमध्ये टाका. ते कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. ही साखळी बसायला वेळ लागतो, तिला पैसे टाकून फार घाई करता येत नाही. ओळखीच्या कुणाचा चालता टँक असेल तर त्याचा जुना स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या, वेळ बराच वाचतो.

आपल्याकडे हा टप्पा गाळणं जास्त धोक्याचं आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच जहाल असतं. ३० अंशांना, पीएच ७ असेल तर जहाल रूप जेमतेम एक टक्का असतं, पीएच ८.२ झाला की तेच ११ टक्क्यांवर जातं. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात खपून जाणारी चूक खान्देशच्या क्षारी, गरम पाण्यात मासा मारते. थेंबांचा अमोनिया-नायट्राइट किट घ्या. सलग आठवडाभर दोन्ही शून्य आले की टँक तयार.

मासा आणणं

ग्लासाजवळ बोट न्या. बोटाकडे वळणारा, कल्ले फुलवणारा मासा निरोगी. तळाशी आडवा पडलेला, पंख आवळलेला, पोट फुगलेला किंवा अंगावर मिठासारखे पांढरे दाणे असलेला कितीही सुंदर असला तरी तिथेच ठेवा. हाफमून आणि क्राउनटेल दिसायला राजेशाही, पण एवढी मोठी शेपटी ओढून ते दमतात आणि पंख फाटतात. नवख्याने आखूड शेपटीचा प्लाकाट घ्यावा. चपळ आणि काटक. आपल्या दुकानांत येणारा माल मुंबई-कोलकात्याहून पिशव्यांतून प्रवास करून आलेला असतो, म्हणून ज्या दिवशी माल उतरला त्याच दिवशी घेऊ नका. चार दिवस दुकानात टिकलेला मासा पुढेही टिकतो.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या. मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत, असं पाऊण तास. शेवटी जाळीने फक्त मासा सोडा, दुकानाचं पाणी मोरीत.

टँकमध्ये तो एकटाच राहील. दोन नर ठेवले तर एक मरेपर्यंत भांडतील, आणि नर-मादी कायमची एकत्र ठेवणंही सुरक्षित नाही. गोगलगाई चालतात, आपल्या चुनखडीच्या पाण्यात त्यांचे शंख छान होतात. गोल्डफिश अजिबात नको.

खाणं सकाळ-संध्याकाळ तीन-चार दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं असं धरून चाला. कूलरच्या पाण्यात सापडलेल्या डासांच्या अळ्या तो मिटक्या मारत खातो. पण कूलरमध्ये औषध किंवा फिनाइल टाकलं असेल तर त्या देऊ नका, आणि त्या मिळाव्यात म्हणून कूलर अस्वच्छ ठेवायचं निमित्त तर मुळीच करू नका.

दर आठवड्याला

पाव भाग पाणी सायफनने काढा आणि तेवढंच तयार मिश्रण घाला. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या, मोगरा त्यावर खूश असतो. स्पंज महिन्यातून एकदा, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा; नळाखाली धुतला की जीवाणू जातात. नवं पाणी हाताला टँकसारखंच लागलं पाहिजे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी चटका देतं आणि जानेवारीत सकाळी तेच बोटं गारठवतं, म्हणून उन्हाळ्यात पहाटे आणि हिवाळ्यात दुपारी पाणी भरून ठेवा.

मासा सुस्त दिसला, पंखांच्या कडा झिजल्या तर औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी अमोनिया मोजा आणि तीन-चार दिवस रोज थोडं पाणी बदला. बहुतेक दुखणी इथेच थांबतात. औषध किंवा मीठ द्यायची वेळ आलीच तर मासा वेगळ्या बरणीत काढून द्या, टँकमध्ये ओतलं तर झाडं जातात.

ऊन आणि थंडी

फायटरला २४ ते २८ अंश हवेत. एप्रिलपासून घरातला टँक ३२-३३ च्या पुढे सरकू लागतो. उपाय स्वस्त आहे: बारा व्होल्टचा कॉम्प्युटरमधला पंखा पृष्ठभागावर तिरका लावा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्यावरच, बाष्पीभवनाने, पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने हा उपाय मुंबईपेक्षा इथे जास्त गुण देतो. जुलैत हवा दमट झाली की पंखा फारसा कामाचा राहत नाही, पण तोवर गरजही सरलेली असते. पंख्यासाठी झाकणाऐवजी वर जाळी लावा, कारण हा मासा उडी मारतो.

पंख्याने एक नवी भानगड उभी राहते. मे महिन्यात रोज लिटरभर पाणी उडून जाऊ शकतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. ४०० टीडीएसच्या टँकमध्ये रोज ४०० चंच लिटरभर पाणी घालत राहिलात आणि बदल केला नाही, तर महिन्याभरात आकडा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून तूट भरायला फक्त आरओचं पाणी, आणि आठवड्याच्या बदलाला मिश्रण. उन्हाळ्यात चांगले चाललेले टँक अचानक का बसतात, याचं उत्तर बरेचदा या एका ओळीत असतं.

बर्फ थेट टाकू नका. दोन दिवस वीजच नसेल तर गोठवलेली छोटी पाण्याची बाटली टँकमध्ये तरंगवा आणि थर्मामीटर बघत राहा. तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

नोव्हेंबरअखेर ५० वॅटचा हीटर बसवा, २६ वर. पाणी बदलण्याआधी तो बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेली नळी उघडी पडली तर तडकते. थंडीत पंखा काढून झाकण परत बसवा, कारण वरून घेतलेली गार हवाही त्याला बाधते. रात्री वीज गेली तर टँकभोवती गोधडी गुंडाळा, वरून हवेपुरती फट ठेवून.

आखाजीला माहेरी किंवा लग्नाला आठवडाभर बाहेर जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पाव भाग पाणी बदला, मग आरओच्या पाण्याने, काठोकाठ नाही पण नेहमीच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर, भरा, दिवा टायमरवर आणि पंखा चालू राहू द्या. मोठा मासा सहा-सात दिवस उपाशी आरामात राहतो. शेजारच्या ताईंना किल्ली देताना आरओच्या पाण्याचा कॅन दाखवा, काचेवर टेपने खूण करा, त्या खुणेखाली पाणी गेलं तर घालायला सांगा, आणि खाण्याचा डबा कपाटात बंद करून जा.